तपकिरी डब्यावरचं लाल कार्ड

पत्र असं आहे: "माहेर राजारामपुरी, सासर मंगळवार पेठ, आणि सध्या मुक्काम जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका गावात. नवऱ्याला शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून इथल्या कास्टिंग कंपनीत नोकरी मिळाली. आमची इमारत सहा बिऱ्हाडांची. गेल्या आठवड्यात गाडीवाल्यांनी आमचा तपकिरी डबा रिकामाच केला नाही, वर लाल कार्ड लावून गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात कुणीतरी बिननावाची चिठ्ठी चिकटवली. सगळे आमच्याकडेच बघतात असं वाटतं. डब्यात आमच्या पिशव्या होत्या हे खरं, पण त्या 'कंपोस्टेबल' म्हणून दुकानातून मुद्दाम विकत आणलेल्या. मटणाची हाडं, करवंट्या, तळणीचं तेल, निर्माल्य, घरून आणलेल्या चटणीची पाकिटं, कशाचं काय करायचं? आधीच्या भाडेकरूने तळघरात एक गादी सोडून दिली आहे, तिचं काय? दसऱ्यानंतर सासूबाई आणि मामंजी तीन महिने राहायला येतायत. त्याआधी हे निस्तरायचं आहे. आम्हाला दंड होईल का?"

ताई, स.न.वि.वि.

दंडाचं आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. दंडाची तरतूद आहे, आणि रस्त्याकडेला गादी किंवा फ्रीज टाकून पसार होणाऱ्याला तो होतोही. पण सहा घरांच्या सामाईक डब्यात चुकीची पिशवी सापडली म्हणून एका बिऱ्हाडाच्या नावे पावती फाडली जाणं अवघड, कारण पिशवी कुणाची हे पालिकेला ठाऊक नसतं. भुर्दंड बसतो तो वेगळ्या वाटेने. नाकारलेला डबा एकतर हाताने निवडून पुन्हा ठेवायचा, नाहीतर जादा पैसे भरून साधा कचरा म्हणून उचलायला लावायचा. ते बिल घरमालकाकडे जातं आणि घरमालक ते नेबेनकोस्टेनमध्ये, म्हणजे भाड्यावरच्या वार्षिक खर्चात, सहाही घरांवर वाटतो. जिन्यातल्या चिठ्ठीमागचा राग बहुतेक या पैशांचा असतो.

तुमच्या पिशव्यांवर 'कंपोस्टेबल' लिहिलेलं खोटं नाही, पण त्या कुजायला लागणारा वेळ आणि खत करणाऱ्या प्रकल्पाकडे असलेला वेळ यांचा मेळ बसत नाही. तपकिरी डब्यातला ओला कचरा बऱ्याच ठिकाणी आधी बंद टाकीत आंबवून त्याचा गॅस काढतात आणि उरलेल्याचं खत करतात. काही आठवड्यांचं काम. एवढ्यात भाजीची सालं संपतात, पिशवीचे तुकडे राहतात. शिवाय सरकत्या पट्ट्यावर ती पिशवी साध्या प्लॅस्टिकसारखीच दिसते, त्यामुळे सरसकट सगळ्याच पिशव्या उपसून काढतात. म्हणून कितीतरी गावांत या पिशव्यांना स्पष्ट मनाई आहे, मग दुकानात त्या खुशाल विकायला असोत. काही गावांत चालतात. तुमच्या गावात चालत नाहीत हे कार्डाने सांगितलंच आहे. त्यात 1 मे 2025 पासून जर्मनीत ओल्या कचऱ्याच्या भेसळीचे नियम आणखी कडक झाले. परकी भेसळ वजनाच्या 3 टक्क्यांवर गेली तर प्रकल्प आलेला माल परत पाठवू शकतो. मागून गाडी परत यायला लागली तसे गाडीवाले पुढे दारातच डब्याचं झाकण उघडून बघायला लागले.

आता आजच्या आज काय करायचं. हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, असेल तर त्याला, नसेल तर घरमालकाला कळवा, की पिशव्या आमच्या होत्या, आम्ही काढतो. रबरी हातमोजे घाला, पिशव्या फोडून आतला ओला कचरा डब्यात परत ओता, रिकाम्या पिशव्या काळ्या, म्हणजे उरल्यासुरल्या कचऱ्याच्या, डब्यात टाका. कार्ड काढा आणि पुढच्या वारी डबा बाहेर ठेवा. हे काम शेजारी बघत असतील अशा वेळी, शनिवारी सकाळी वगैरे करा. चिठ्ठीला चिठ्ठीने उत्तर देऊ नका. ज्या काकूंचा संशय आहे त्यांच्या दाराची बेल वाजवा आणि "आम्ही नवीन आहोत, शिकतोय, शंका आली तर तुम्हाला विचारलं तर चालेल का?" एवढं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणा. त्या भागात डबा बरोबर भरणं हा अभिमानाचा विषय असतो. विचारायला आलेल्या माणसाला अर्धा तास समजावून सांगतील, कदाचित केकसुद्धा देतील.

तुमच्या पत्रातल्या यादीवरून एक गोष्ट दिसते. तुम्ही वस्तू कशाची बनली आहे ते बघून डबा ठरवता. आपल्याकडे तेच शिकवलं जातं: ओलं इकडे, सुकं तिकडे, आणि कचऱ्याची टिप्पर आली की दोन्ही बादल्या घेऊन खाली पळायचं. रद्दी किलोवर जाते, पत्रा-लोखंड भंगारवाला नेतो. जर्मनीत प्रश्न वेगळा विचारावा लागतो: ही वस्तू पुढे कुठे जाणार आणि तिचे पैसे कुणी भरलेत? हे डोक्यात बसलं की गेल्बर झाकचा, म्हणजे पिवळ्या पिशवीचा (काही गावांत पिवळा डबा असतो) घोळ सुटतो. पिवळं म्हणजे प्लॅस्टिक नव्हे. पिवळं म्हणजे वेष्टण. 1991 च्या कायद्यापासून तिथे माल बनवणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेच आपल्या वेष्टणाच्या विल्हेवाटीचा खर्च उचलायचा आहे. पिवळ्या पिशवीची व्यवस्था त्या पैशांवर चालते, पालिकेच्या कचरापट्टीवर नाही. म्हणून दह्याचा डबा पिवळ्यात जातो, पण फुटकी प्लॅस्टिकची बादली जात नाही. तुपाचा पत्र्याचा डबा जातो, जुना तवा जात नाही. दुधाचं टेट्रापॅक कागदाचं दिसलं तरी पिवळ्यातच, कारण आत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असतात. बर्लिनसारख्या काही शहरांत बादली, तवा आणि वेष्टणं एकाच डब्यात घेतात. तिथल्या कुणा मैत्रिणीने "अगं, आम्ही तर टाकतो" म्हटलं तर तिचं बरोबर, आणि तुम्ही तसं केलं तर तुमचं चूक. जर्मनीत कचऱ्याचा नियम गावागणिक बदलतो. इंटरनेटवरचा सल्ला वाचताना आधी गाव कुठलं ते बघा.

पिवळ्यात टाकण्याआधी डबे धुवत बसू नका. चमच्याने खरवडून निघालं एवढं पुरे. गरम पाण्याने घासलेला दह्याचा डबा हा गॅस आणि पाणी दोन्हीची नासाडी. मात्र त्याचे भाग सुटे करायचे, आणि नेमकं हेच बहुतेक जण करत नाहीत. तिथला 500 ग्रॅमचा दह्याचा डबा घ्या. बाहेर पुठ्ठ्याची पट्टी, आत पातळ प्लॅस्टिकचा डबा, वर ॲल्युमिनियमचं झाकण. वर्गीकरणाच्या कारखान्यात अवरक्त किरण टाकून प्लॅस्टिकची जात ओळखतात. पट्टी तशीच राहिली तर यंत्राला पुठ्ठा दिसतो आणि डबा भलत्या ढिगात जातो. झाकण अर्धवट चिकटलेलं असेल तर ना धड ॲल्युमिनियम वेगळं निघतं, ना प्लॅस्टिक. तेव्हा पट्टी फाडून कागदात, झाकण पूर्ण सोडवून पिवळ्यात, डबा पिवळ्यात. आणि जागा वाचावी म्हणून डब्यात डबा खोचू नका. आपली सवय तशी आहे, पण यंत्राला फक्त बाहेरचा डबा दिसतो.

घरून आणलेल्या चटणीची पाकिटं रिकामी झाली की पिवळ्यातच. तांदळाची चेनवाली पिशवीही पिवळ्यात. पिठाची पिशवी कागदी असेल आणि आतून प्लॅस्टिकचा थर नसेल तर झटकून कागदात. कागदाच्या निळ्या डब्यात खोकी उभी कोंबू नका, चपटी करा. एक उघडं खोकं अर्धा डबा अडवतं आणि मग जिन्यात दुसरी चिठ्ठी लागते. तेलकट पिझ्झाचं खोकं, बेकिंगचा कागद, नाक पुसलेले टिश्यू आणि दुकानाची गुळगुळीत पावती यातलं काहीही निळ्यात चालत नाही. ती पावती उष्णतेने छापायच्या रसायन लावलेल्या कागदाची असते, ते रसायन नव्या कागदात उतरतं. हे सगळं काळ्यात.

आता कोल्हापुरी स्वयंपाकघर.

कांद्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं यांना बिओटॉने, म्हणजे तुमचा तो तपकिरी डबा. कोथिंबिरीच्या जुडीचं रबर आणि केळ्यावरचं छोटं गोल स्टिकर आधी काढा. ते स्टिकर प्लॅस्टिकचं असतं आणि खतात जसंच्या तसं सापडतं. शिजलेलं अन्न, मटण, हाडं यांचा नियम गावानुसार बदलतो. काही गावं सगळं घेतात, काही फक्त कच्चं घेतात, कारण उघड्यावर खत करणाऱ्या ठिकाणी हाडांनी उंदीर येतात. तुमच्या गावाच्या आबफालकालेंडरच्या, म्हणजे कचऱ्याच्या वार्षिक कॅलेंडरच्या मागे तशी यादी छापलेली असते. नसेल तर पालिकेच्या संकेतस्थळावर वस्तूचं नाव टाकून डबा शोधता येतो. हाडं चालत असतील तरी तांबड्या-पांढऱ्याचा उरलेला रस्सा त्यात ओतू नका. पातळ पदार्थ कुठेच चालत नाही. रस्सा गाळणीत ओता, घट्ट भाग कागदात गुंडाळून डब्यात टाका. नारळाच्या करवंटीबद्दलही यादी बघा. ती कुजायला फार वेळ घेते म्हणून काही ठिकाणी नको असते. यादीत उल्लेखच नसेल तर काळ्या डब्यात टाका, तिथे तिने कुणाचं नुकसान होत नाही.

पिशव्या बंद झाल्या, मग ओलं ठेवायचं कशात? ओट्याखाली झाकणाची 5 ते 7 लिटरची बादली ठेवा. तळाला वर्तमानपत्राचे दोन थर, बाजूने एक. गुळगुळीत रंगीत मासिकाचा कागद नको, साधं वर्तमानपत्र हवं. दर दोन दिवसांनी कागदासकट पुडी करून खाली नेऊन टाका. कागदाची पिशवीही मिळते, ती सहसा चालते, पण रस्सेदार घरात तिचा तळ जिन्यातच सुटतो. वर्तमानपत्र दुहेरी उपयोगाचं. उन्हाळ्यात ते ओल शोषतं म्हणून अळ्या कमी होतात. हिवाळ्यात ओलं उघडं टाकलं तर डब्याच्या भिंतीला गोठून चिकटतं, गाडीने डबा उलटा केला तरी पडत नाही आणि तुमचा अर्धा डबा पुढच्या वारापर्यंत भरलेलाच राहतो. पुडी असली की सुटून पडते.

तळणीच्या तेलाबद्दल कडक बोलावं लागेल, कारण दिवाळी जवळ आहे आणि चकल्या होणारच. सिंकमध्ये ओतायचं नाही. गरम पाणी आणि साबण मागून सोडला तरी नाही. तिथल्या थंडीत नळी लवकर गार पडते, तेल आणि त्याहून जास्त डालडा-तूप आतून थरावर थर बसतं, आणि सहा घरांची मुख्य नळी तुंबली की प्लंबर कॅमेरा घालून कुठल्या घराखाली तुंबलं ते शोधतो. तुमच्यामुळे तुंबलं हे सिद्ध झालं तर खर्च तुमच्या माथी. कढईत चमचाभर उरलं असेल तर टिश्यूने पुसून टिश्यू काळ्यात. पावशेर-अर्धा लिटर असेल तर गार करून झाकणाच्या प्लॅस्टिक बाटलीत भरा, बूच घट्ट लावा. काही गावं बंद बाटली काळ्या डब्यात चालवून घेतात. त्याहून जास्त साठलं तर वेर्टश्टॉफहोफला न्या. हे पालिकेचं संकलन केंद्र, प्रत्येक गावात किंवा तालुक्याला असतं आणि घरगुती तेल तिथे बहुधा फुकट घेतात. बाटली फांडची, म्हणजे डिपॉझिटची नको. का ते पुढे येतंच.

निर्माल्याची फुलं, दुर्वा, विड्याची पानं तपकिरी डब्यात जातात. हाराचा दोरा, जर, थर्माकोल, प्लॅस्टिकचे मणी आधी काढायचे. सासूबाईंना देवाची फुलं कचऱ्याच्या डब्यात टाकणं मनाला पटणार नाही. पंचगंगेत सोडायची सवय असलेल्या माणसाला ते जडच जातं. त्यांना सांगता येईल की त्याचं खत होऊन शेतात जातं, आणि तसं होतंही. फुलं वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी नेलीत तर त्यांचं समाधान होईल. तिथल्या नदीत किंवा तळ्यात मात्र काही सोडू देऊ नका, पाण्यात वस्तू टाकायला कायद्याने मनाई आहे. कुंडी किंवा बाल्कनी असेल तर थोडी फुलं मातीत घालता येतील. अगरबत्तीची राख, जळलेल्या वाती, मातीच्या पणत्या, रांगोळी हे सगळं काळ्यात. रांगोळी दगडाची भुकटी, ती तपकिरीत टाकून खत होत नाही. राख पूर्ण गार झाल्याशिवाय टाकू नका. प्लॅस्टिकचे डबे धुमसतात.

काळा डबा, म्हणजे रेस्टम्युल. त्याच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जे दुसरीकडे कुठेच बसत नाही ते इथे: फुटलेला कप, डायपर, पॅड, व्हॅक्यूमची पिशवी, जुना कुकरचा रबर. 1 जून 2005 पासून जर्मनीत प्रक्रिया न केलेला घरगुती कचरा जमिनीत पुरता येत नाही, त्यामुळे यातलं बरंचसं जाळून वीज आणि उष्णता काढली जाते. खरोखरच शंका सुटत नसेल तेव्हा काळा डबा सर्वात कमी नुकसानीचा. फक्त तो महाग असतो, कारण फी सहसा त्याच्यावरच ठरते. सगळंच त्यात टाकायला लागलात तर शेजारी मोठा डबा मागवायच्या गोष्टी करू लागतील.

काचेसाठी घरात डबा नसतो. चौकात तीन मोठ्या टाक्या असतात: पांढरी, तपकिरी, हिरवी. लोणच्याची बरणी खरवडून पांढऱ्यात, झाकण पिवळ्यात. निळी किंवा विचित्र रंगाची बाटली हिरवीत, कारण हिरव्या काचेत थोडा दुसरा रंग खपतो, पांढरीत एकही खपत नाही. "शेवटी गाडीत सगळं एकत्रच जातं" असं तिथले लोकसुद्धा सांगतात. ते खरं नाही, गाडीला आतून वेगळे कप्पे असतात. काचेच्या टाकीत फक्त बाटल्या आणि बरण्या. पाणी प्यायचा ग्लास, आरसा, बोरोसिलची तुटलेली वाटी, कपबशी टाकायची नाही. चिनीमाती भट्टीत वितळतच नाही आणि उष्णता सोसणारी काच जास्त तापमानाला वितळते. एखादा तुकडाही नव्या बाटलीत खडा होऊन बसतो आणि ती तिथेच फुटते. तुमच्या यजमानांना ओतकामातला खडा काय असतो ते माहीत आहे, त्यांना हे लगेच कळेल. टाकीवर वेळा लिहिलेल्या असतात. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी काच टाकायची नाही, आवाजामुळे. कचऱ्याच्या चुकीवर एक वेळ माफी मिळेल, रविवारी दुपारी बाटल्या खळखळवण्यावर नाही.

या सगळ्यात पैसे परत मिळण्याची एकच जागा, ती म्हणजे फांड. मामंजींना हे काम द्या, त्यांना आवडेल. सोड्याच्या बाटलीचं डिपॉझिट त्यांनी पाहिलेलं आहे. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट. त्यावर बाटली, कॅन आणि वळलेला बाण असं छोटं चिन्ह असतं. पुन्हा भरायच्या काचेच्या बिअरच्या बाटलीवर सहसा 8 सेंट, पाण्याच्या आणि सरबताच्या पुन्हा भरायच्या बाटलीवर सहसा 15. 2022 पासून जवळजवळ सगळ्या प्लॅस्टिकच्या पेयाच्या बाटल्या आणि कॅन यात आले, 2024 पासून प्लॅस्टिकच्या बाटलीतलं दूधही. टेट्रापॅकला, वाइनच्या बाटलीला, जामच्या बरणीला फांड नाही. बाटली सुपरमार्केटच्या दारातल्या यंत्रात, तळ आधी, सरकवायची. यंत्र फिरवून बारकोड वाचतं. म्हणून बाटली चुरडायची नाही आणि लेबल फाडायचं नाही. आपल्याकडे गैरवापर होऊ नये म्हणून बाटली पिरगळून टाकायला सांगतात, तीच सवय इथे 25 सेंटला पडते. तेल भरलेली बाटली यंत्रात जात नाही, म्हणून वर तसं म्हटलं. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते, ती त्याच दुकानाच्या गल्ल्यावर वटवायची. एकदाच वापरायच्या बाटल्या कुठल्याही मोठ्या दुकानात चालतात, मग खरेदी कुठूनही केलेली असो. पुन्हा भरायची बाटली ते दुकान विकत असेल तरच घेतं. बाहेर फिरताना बाटली रिकामी झाली आणि घरी न्यायची नसेल, तर ती कचरापेटीत न टाकता पेटीच्या शेजारी उभी ठेवतात. ते पैसे गोळा करून दिवस काढणारे लोक आहेत, त्यांना पेटीत हात घालावा लागू नये म्हणून.

बिघडलेला मिक्सर, मोबाईल, दिव्यांची माळ यातलं काहीच कुठल्या डब्यात नाही. मोठ्या विद्युत दुकानात 25 सेंटिमीटरपर्यंतची जुनी वस्तू नवीन न घेताही परत द्यायचा हक्क आहे, आणि 1 जुलै 2022 पासून विजेच्या वस्तू विकणाऱ्या मोठ्या सुपरमार्केटांतही. बॅटऱ्या दुकानातल्या पेटीत. मोबाईलच्या लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा. डब्यात चेपली गेली की तिचा भडका उडतो, आणि कचऱ्याच्या गाड्यांना आगी लागायचं ते एक मोठं कारण आहे. चांगले कपडे पिशवीत बांधून कपड्यांच्या पेटीत, फाटके आणि मळके काळ्यात. कोल्हापुरी चपला अजून घालण्याजोग्या असतील तर जोड एकत्र बांधून त्याच पेटीत. सुटी चप्पल कुणाच्याच कामाची नाही.

सासू-सासऱ्यांसाठी चार गोष्टी. ओट्याजवळ चारच भांडी ठेवा: ओल्याची बादली, पिवळी पिशवी हुकाला, कागदाचं खोकं, काळ्याची बादली. पाचवं भांडं ठेवलंत तर घरातलं कुणीच पाळणार नाही. प्रत्येकावर मराठीत चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर वस्तूंची नावं, तत्त्वं नकोत: "दह्याचा डबा, चटणीचं पाकीट, तुपाचा डबा". खाली नेऊन टाकायचं काम पहिले दोन आठवडे तुमच्याकडेच ठेवा. सासूबाई सिंकमध्ये खरकटं धुऊन सोडणार, त्यासाठी जाळी आधीच बसवा. आणि दाराच्या मुठीला पाटी अडकवलेली दिसली तर घाबरू नका. तुमच्या भागात केअरवोखेची पद्धत आहे. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची, आणि काही इमारतींत डबे रस्त्यावर नेऊन ठेवायचीही. डबे आदल्या संध्याकाळी ठेवतात, कारण गाडी पहाटेच येते. टिप्परसारखी घंटा वाजत नाही. सुट्टी आली की वार पुढे-मागे सरकतो, तेही कॅलेंडरमध्ये छापलेलं असतं.

राहिली गादी. ती तुमची नाही, तेव्हा आधी तिला हातच लावू नका. तळघरातल्या जागेचा आणि गादीचा फोटो काढा, घर ताब्यात घेताना सह्या केलेला कागद काढून बघा. त्यात तिची नोंद नसेल तर घरमालकाला ईमेल करा: गादी आधीच्या भाडेकरूची आहे, कृपया उचलावी. फोनवर बोलू नका, लेखी हवं. घर सोडताना हीच गादी तुमच्या अनामतीतून वजा होऊ शकते. मालकाने "तुम्हीच टाका" म्हटलं, तर खर्च तो देणार हे त्याच्याकडून लेखी घ्या आणि मग श्पेरम्युलसाठी, म्हणजे मोठ्या सामानाच्या फेरीसाठी, पालिकेकडे अर्ज करा. काही गावांत वर्षातून ठरावीक वेळा फुकट असते, काही ठिकाणी शुल्क लागतं, तारीख काही आठवड्यांनंतरची मिळते. तारीख मिळाली की गादी आदल्या संध्याकाळी बाहेर, त्याआधी नाही. चार दिवस आधी फूटपाथवर ठेवलेली गादी म्हणजे बेकायदा टाकलेला कचरा, आणि "फुकट घेऊन जा" अशी चिठ्ठी लावली तरी पालिका ते तसंच मोजू शकते. गादीबरोबर शेजाऱ्यांचं मोडकं कपाट येऊन बसलं तर गाडीवाले फक्त अर्जात लिहिलेलं उचलतील, तेव्हा अर्जात वस्तू मोजून लिहा. मामंजी येण्याआधीची तारीख हवी असेल तर अर्ज आजच करा.